अर्धी खाट

ता. ९ जानेवारी १८६५, सोमवार. संध्याकाळचे सव्वासात.

कानाच्या पाळीत रुतलेला काटा सुईने काढतो आहे. बाभळीचा काटा — आणि तो उशीत! खोलीच्या मालकीण पार्बताबाईंना नेऊन दाखवला. म्हणाल्या, "सहा आण्यांत काय गुलाबाचा काटा पायजे तुले?" खोलीतले बाकीचे लोक हसले. मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला?

सहा आणे तरी पुऱ्या खाटेचे कुठे आहेत? अर्ध्या खाटेचे! हंगामात अमरावतीत पाय टेकायला जागा नाही, म्हणून ही बाई एक खाट दोघांना देते. मी संध्याकाळी येतो, पहाटे जातो. मग दुसरा येतो, दिवसभर झोपतो आणि मी यायच्या आत उठून जातो. कुठल्याशा वखारीचा रातपहारेकरी आहे. त्याला अजून पाहिलेलं नाही, पण त्याच्या घामाचा आणि तंबाखूचा वास मला पाठ झाला आहे. खाट रोज गरम मिळते. परक्याच्या अंगाची ऊब! शिसारी येते. पण थंडी अशी की — लिहायलाही लाज वाटते — बरंही वाटतं.

दिव्याचं तेल निराळं. पाणी आपलं आपण ओढायचं. ढेकूण तेवढे फुकट.

माझी कापसाच्या वखारीत पाडव्यापर्यंत उमेदवारी. तोलाच्या नोंदी चोख राहिल्या तर कायम करू, असं मुनीम किसनराव म्हणाले. कायम झालो की आईला बाळापूरहून आणायची. मामाच्या घरी तिला जेवायला मिळतं, पण सगळ्यांच्या शेवटी. आठ रुपयांतले पाच तिला पाठवतो. म्हणून ही अर्धी खाट.

ता. ११, बुधवार.

मान अवघडली. उशी परवापेक्षा उंच आहे. भास नव्हे — वीत लावून पाहिली.

ता. १४, शनिवार.

आज फाटकाशी झडती झाली. हमाल शेषरावाच्या बंडीच्या आत मूठभर कापूस निघाला. सोन्याचा भाव आहे म्हणून सेठ एक बोंड सोडत नाही. शेषराव काकुळतीला आला, "धनी, वाऱ्यानं शिरला असंल!" किसनराव म्हणाले, "वाऱ्याले बरी तुही बंडी सापडली." त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

घरी येऊन पागोटं उलगडलं, तर आत कापूस! हा आला कुठून? उशीची शिवण पाहिली. एका बाजूला बोटभर उसवलेली, आणि आत नवा कापूस कोंबलेला. मळका, त्यात सरकी, वाळका पाला आणि काटे.

म्हणजे हा पहारेकरी रोज आपल्या वखारीतून मूठ-मूठ चोरतो आणि आमच्या उशीत लपवतो. तो चोरणार आणि पागोटं माझं झटकलं जाणार!

ता. १७, मंगळवार.

सांगावं तर चौकशी माझीही होणार. न सांगावं तर मीही चोर. दोन रात्री विचार केला. शेवटी आज पहाटे उशीतून दोन मुठी कापूस काढला. मान सुटावी हाही हेतू होता, खोटं कशाला लिहू. फेकायचा तर लोक पाहणार. पार्बताबाईंनी देवीला लाख वातींचा नवस केला आहे, आणि यंदा कापूस घेणं त्यांना झेपत नाही. परकराच्या चिंध्या पिंजत बसल्या होत्या. त्यांच्या सुपात ठेवला.

"कुठून आनला रे भगवंता?"

"मिळाला," म्हणालो.

त्यांनी पुढे विचारलं नाही. कपाळाला लावला आणि सरकी वेचायला बसल्या. चोरीचा माल देवीला गेला म्हणजे पाप थोडं तरी कमी होत असेल.

ता. २९, रविवार.

आता हा नेम झाला आहे. तो दिवसा भरतो, मी पहाटे काढतो. पार्बताबाई मला भाकरीबरोबर गुळाचा खडा देतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "याच्या मायचं पोट धन्य हाय." गूळ घशाखाली उतरत नाही. तरी खातो.

ता. १० फेब्रुवारी.

उशी पुन्हा उंच. चोर दमत कसा नाही!

ता. २६ फेब्रुवारी, रविवार.

वाकळीवर कफ वाळलेला होता. पहारेकरी खोकतो म्हणे. मी वाकळ उलटी करून घेतली. पार्बताबाईंकडे तक्रार केली, तर म्हणाल्या, "रातभर उघड्यावर उभं राहून पाह्य, मंग तूही खोकशीन."

ता. १३ मार्च, सोमवार. धुळवड.

वखार बंद. मला सुट्टी. दुपारी आलो तर माझ्या खाटेवर एक म्हातारा पाय पसरून पडलेला. पिकलेल्या मिशा, गुलालाने लाल झालेले कान.

"तूच काय रातवाला?" तो उठून सरकला. "बस लेका. अर्धी तुही, अर्धी माही. आज खरंच अर्धी-अर्धी करू."

नाव चंद्रभान. तेल्हाऱ्याकडचा. माझ्याशी असा बोलला, जसा फार दिवसांचा ओळखीचा. खोटं नाही — दोन महिने एका वाकळीत आहोत. तंबाखू पुढे केली. मी खात नाही म्हणालो तर म्हणाला, "मंग माह्या वासानं हैरान झाला असशीन!"

मग उशी मांडीवर घेऊन दाबून पाहू लागला. "या उशीले काय झालं, समजत नाई बाप्पा. मी भरून राहिलो, भरून राहिलो, अन् हे बसूनच राहिली. भूत लागलं काय?"

"काहून भरता?" मी कसंबसं विचारलं.

"माही पोरगी शकुन. पहिलटकरीण हाय, चैतात मोकळी होईन. तिची माय तिच्याच वक्ती गेली. पूस महिना, भुईवर पोतं, अन् वरून ओलं. गारठूनच गेली ते. आपण कापूस पिकवतो अन् गादीवर सायब झोपते! म्हणलं, पोरीले तरी गादी करू. ही उशी तीनदा भरली की एक गादी होते. आतापावतो दोनदा भराले पायजे होती."

"वखारीतला कापूस..." मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही, पण हसूही गेलं. "सेठनं काठी माह्या हातात देल्ली, अन् मी चोरू? पहाटे सुटलो का अकोटच्या रस्त्यानं जातो. गाड्या बाभळीखालून येतात न, काट्याले कापूस अटकते. बाभूय गाडीचं चोरते, मी बाभयीचं." आणि हात दाखवले. बोटं काट्यांनी ओरबाडून काळी पडलेली.

रंग आणतो म्हणून बाहेर पडलो आणि अंधार पडेपर्यंत परतलो नाही.

ता. १४ मार्च.

कापूस परत मागितला. वळलेल्या वाती नकोत, सुपात उरला असेल तेवढा कापूस द्या म्हणालो. पार्बताबाईंनी सूप उराशी धरलं. "देवीच्या तोंडातला काढून घेतं काय?" कारण विचारलं. सगळं सांगावं लागलं, मान अवघडायची तेही. त्यांनी सूप माझ्यापुढे केलं, आत नुसत्या वाती. मग म्हणाल्या, "सारा वळून झाला रे. एक मूठ नाई राहिली."

चंद्रभानला मी सांगणार होतो. आज पहाटे तो दारातच भेटला. ओंजळीत कापूस होता. सांगितलं नाही.

ता. १९ मार्च, रविवार.

उजाडताच अकोटच्या रस्त्याला गेलो. हंगाम सरला, गाड्या तुरळक. बाभळींवर नुसते काटे. दोन कोस चालून जे मिळालं ते एका मुठीत मावलं. हात रक्ताळले. हे म्हातारा रात्रभर उभा राहून, खोकत, रोज करत होता!

मूठ उशीत घातली. वीत लावली नाही.

ता. २८ मार्च, मंगळवार. पाडवा.

बाजारात हाहाकार आहे. अमेरिकेतली लढाई मिटणार अशी बातमी मुंबईहून आली आणि भाव रोज पडतो आहे. आमचे सेठ दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. किसनरावांनी मला बोलावून सांगितलं, "कायमचं आता विसर. आहे तो महिना भरून घे." आईला काय लिहू?

पण एक गोष्ट झाली. माघात रुपयाला शेरभर कापूसही मिळत नव्हता, आज दोन शेर मिळाला. वखारीतूनच घेतला! स्वच्छ, सरकी काढलेला, बिनकाट्याचा. फाटकाशी पावती दाखवून, सगळ्यांसमोर छातीशी धरून बाहेर आलो. उशी उसवली, काठोकाठ भरली आणि शिवण बारीक घातली. अशी फुगली आहे की तिच्यावर झोपणं अशक्य. आज मी दगडी उंबऱ्यावर डोकं ठेवून झोपणार. पहाटे तो येईल, डोकं टेकेल, आणि त्याला कळेल. मग मी सगळं सांगेन. चैत्र आजच लागला, सरायला अजून अवकाश आहे. पुढच्या पगारात आणखी दोन शेर.

बऱ्याच दिवसांनी बरं वाटतं आहे.

ता. ३० मार्च.

दोन पहाटे चुकामूक झाली. पार्बताबाई म्हणतात, सकाळी येतो, पडतो, बोलत नाही. उद्या मी कामाला उशिरा जाईन, पण त्याला गाठेन.

ता. १ एप्रिल, शनिवार.

काल पहाटे थांबलो होतो, तो आला नाही. संध्याकाळी परतलो तर खाट थंड.

पार्बताबाई वाती तशाच टाकून बसल्या होत्या. दुपारी चंद्रभान आला होता. गावाहून माणूस आला, त्याच्याबरोबर गेला. शकुन परवा गेली. दिवस भरायच्या आधीच. लेकरूही. जाताना त्याने काठी आणि घोंगडी घेतली, उशी उचलली, हातावर तोलून पाहिली, पुन्हा खाटेवर ठेवली.

"त्याले होळी झाली तवापासून ठाऊक होतं रे," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. म्हणला, देवीले गेला न, जाऊ द्या, पोरीचंच भलं होईन. तुले बोलू नका म्हणला, लहान पोरगं हाय, मनाले लावून घेईन."

निघताना उशीबद्दल काय म्हणाला, ते विचारलं.

"म्हणला, त्याची मान दुखते. यातला अर्धा कापूस काढून टाक म्हणा."

खर्च: खाट सहा आणे. तेल एक आणा. कापूस एक रुपया. आईस पाच रुपये.
देणं: पार्बताबाईंचं पुढच्या महिन्याचं पुऱ्या खाटेचं भाडं, बारा आणे. दिवसा झोपणारा आता कोणी नाही.
चंद्रभानचं —