गच्चीवर तापलेलं पीट

१० एप्रिल
लॅबचा फ्रीज बसला. दुरुस्तीवाला सोमवारी येणार म्हणे. नीलगिरी डोंगरावरच्या पीटच्या बरण्या मांडीवर घेऊन हेब्बाळहून चामराजपेट, घरी. रिक्षावाला विचारतो, लोणचं का? म्हटलं, हो, डोंगराचं.
आईने फ्रीजचा खालचा कप्पा दिला, इडलीच्या पिठाशेजारी. "चिखलाला केवढा तो मान!" अगं, चिखल नाही, थंड दलदलीत न कुजता साचत गेलेलं जुनं गवत आहे ते. ऐकतंय कोण.

११ एप्रिल
सरांचं परत तेच. "वर्षभर मोजतेस, काही दिसत नाही. जूनपर्यंत दाखव, नाहीतर विषय बदल. तळ्यातला गाळ घे." मी आणि गाळ! मेले तरी नाही.
वॉटलची झाडं हवेतला नायट्रोजन मातीत ओढतात. तो उतारावरून पीटमध्ये येतो. मग जातो कुठे, वायू होऊन हवेत? वॉटलकडच्या बरण्या, नुसत्या गवताकडच्या बरण्या, दोन्ही गप्प.

१३ एप्रिल
आजोबांचं श्राद्ध. लॅबमधून जेवायला आले तर कप्पा रिकामा!! "मडीचा, सोवळ्याचा स्वयंपाक, त्यात तुझा चिखल कसा ठेवू?" बरण्या सकाळपासून गच्चीवर. हे असलं ऊन. फ्रीजमध्ये अगदी मागच्या कोपऱ्यातल्या चारच तिच्या नजरेतून सुटल्या.
ओरडले. अण्णा म्हणे, "स्वल्प हळू गं, भटजी जेवतायत."
रडत रडत जेवले. वडे मात्र सोडले नाहीत.

१४ एप्रिल
टाकून द्यायच्या आधी मोजू तर, म्हणून सुईने बरण्यांतली हवा काढून मशीनला दिली.
अय्यो!
वॉटलच्या बरण्यांत नायट्रस ऑक्साइड नुसता उसळलाय. गवताच्या शांत. ऊन तेच, गच्ची तीच! वर्षभर आम्ही सगळं डोंगरावरच्याइतक्या थंडीत ठेवून मोजत बसलो. ऊब द्यायचं एकालाही सुचू नये?
नाचले. खरंच नाचले, दार लावून.

१५ एप्रिल
सर : "गच्ची म्हणजे प्रयोग नव्हे." बरोबर आहे. पण आलेख तीनदा बघितला त्यांनी, मी बघत होते!
उरलेल्या चार (दोन वॉटल, दोन गवत) उबेच्या पेटीत ठेवायच्या, रोज मोजायच्या. फुकट गेल्या तर संपलं. डोंगरावर जायची परवानगी आता पावसाळ्यानंतरच, म्हणजे जूनमध्ये हात रिकामे आणि कपाळी गाळ. "विचार करून ठेव," म्हणाले.
विचार कसला? ठेवल्या.

१७ एप्रिल
आईला सांगितलं, तुझ्यामुळे झालं. काय फुलली! लगेच राजाजीनगरच्या मावशीला फोन. मग मला विचारते, "हा वायू सुटणं चांगलं का गं?"
छे. कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी वाईट. डोंगर तापला की हा सुटणार, हा सुटला की आणखी तापणार.
"मग तू एवढी खूश का?"
काय सांगू? आहे खूश.

२० एप्रिल
वॉटलची रेघ चढली!! दोन्ही बरण्या. गवत सपाट. सर स्वतः मशीनपाशी येऊन उभे. "सरी, सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच. त्यांच्याकडून एवढं म्हणजे हार-तुरेच. विषय वाचला बहुतेक.
डोक्यात आताच प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. वॉटल काढा, पीट वाचवा. किती सोपं, किती छान.

२३ एप्रिल
गवताची एक बरणी जराशी वर. सुई नीट धुतली नसेल.
दुसरी घेतली. तीही वर.
मशीन साफ केलं, नवी सुई, परत सगळं. तेच.
गच्चीवर एका दिवसाच्या उन्हात हे दिसलं नव्हतं. इथे रोज ऊब आहे, म्हणून? सर म्हणाले, "स्वल्प ताळम्मा, जरा धीर धर. झाकणं बघ, मग बोलू." झाकणं बघितली. घट्ट आहेत.
खरं असेल तर हे कितीतरी मोठं आहे, कुणीच पाहिलं नसेल असं. आणि खरं असेल तर वॉटल तोडून काही होणार नाही. जिथे एकही वॉटल नाही त्या दलदलीतूनसुद्धा हा वायू सुटेल, नुसत्या उबेने. तिथे मी बूट काढून उभी राहिले होते. गार, मऊ, पाऊल आत जायचं.
वर्षभर देवाकडे एक रेघ मागत होते. आज पहिल्यांदा वाटतंय, माझंच काहीतरी चुकलेलं असू दे.