सासरी गेलेली फांदी

धावडा,
१२ मे २०२५

चि. सत्यशीला हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

मनकर्णाचं लग्न नीट पार पडलं. सख्खी आत्या वणव्याच्या ड्यूटीवर अडकली म्हणून वऱ्हाडी हसले. वनरक्षक काय झालीस, जंगलाशीच सोयरीक केलीस! मला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहितो. निघताना लेकीला आपल्या रिवाजाप्रमाणे डोंगरातल्या पांगाऱ्याची फांदी दिली. सासरच्या दारात तिनं ती लावलीसुद्धा.

एक विचारायचं होतं. यंदा आपले पांगारे फुललेच नाहीत. पालवी आली ती गाठाळलेली, देठ सुजलेले. फांदी त्यातल्या त्यात बरी बघून दिली. कोणतं औषध मारावं ते कळव.

तुझा, रायभानदादा

जांब समर्थ,
२२ मे २०२५

ती. दादास शि. सा. न.

लग्नाचं वाचून जीव सुखावला, पुढचं वाचून लगेच लिहायला बसले. त्या गाठींत परदेशातून आलेला किडा असतो, गांधीलमाशीच्या जातीचा, पण चिलटाहून बारीक. तो पान फुटू देत नाही, आणि शेवटी झाड वाळतं. अख्ख्या डोंगराला पुरेल असं औषध आमच्याकडे नाही. सुजलेले शेंडे तोडून जागीच जाळायचे आणि फांदी गावाबाहेर न्यायची नाही, एवढंच हातात आहे.

मनकर्णाची फांदी उपटून जाळून ये. तिच्या सासरी कुंपणं सगळी पांगाऱ्याची आहेत, मागे लागूनच जंगल आहे. रागावू नकोस, पण लगेच जा. वहिनींना नमस्कार.

तुझी, सत्यशीला

धावडा,
२० सप्टेंबर २०२५

चि. सत्यशीला हिस आशीर्वाद.

मी गेलो नाही. नव्या नवरीच्या दारातलं माहेरचं झाड बापानंच उपटायचं, हे कोणत्या तोंडानं सांगणार होतो? आता त्यांची कुंपणं गाठाळली. ही पोरगी आली अन् हिरवं वाळून गेलं, असं सासू चारचौघांत म्हणून राह्यली आहे. मनकर्णाला माघारी धाडायची भाषा चालू आहे.

इथं आम्ही शेंडे जाळले. पुन्हा फुटले तेही सुजूनच. झाडांचं जाऊ दे. तू वर्दीत जा आणि पोरीचा दोष न्हाई, एवढं त्यांना सांग. तुझ्या पाया पडतो म्हणालो असतो, पण तू धाकटी आहेस.

रायभान

जांब समर्थ,
८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास नमस्कार.

जाऊन आले. वाटेत खरं सांगायचं ठरवलं होतं. फांदी जाळा, कुंपणं छाटून जाळा, जंगल कदाचित वाचेल. पण मनकर्णा दाराआड उभी होती, निम्मी झालेली. फांदीचं नाव काढलं असतं तर तिला त्याच दिवशी माझ्याबरोबर पाठवलं असतं. मी सांगितलं की किडा वाऱ्यानं येतो, कुणाच्या पायानं नाही. सासूनं लगेच तिला चहा टाकायला सांगितला, तोही लाडानं.

मग छाटणीचा विषय काढला, तर सगळे म्हणाले, मंग वाऱ्याला कोण अडवणार, फुकट मेहनत कशाला. मी चहा पिऊन निघाले. दादा, मी माझ्या कामाशी बेइमानी केली. एसटीत बसल्यावर खूप रडले.

सत्यशीला

धावडा,
४ डिसेंबर २०२५

चि. सत्यशीला हिस आशीर्वाद.

तुझ्यामुळे लेक सुखानं नांदते आहे. परवा तिच्या नणंदेचं लग्न झालं, मी गेलो होतो. सासूला आपला रिवाज फार आवडला आहे, आणि वाऱ्याचं कळल्यापासून फांदीची भीती कुणालाच उरलेली नाही. मनकर्णानं दारातल्या पांगाऱ्याची फांदी तोडून नणंदेच्या ओटीत घातली. इतक्या महिन्यांत पोरगी पहिल्यांदा मोकळी हसली.

मी शेजारीच उभा होतो. फांदीच्या शेंड्याला गाठी दिसत होत्या. गाडी हलली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हात केला.

भावावर हवा तेवढा राग धर, पत्र मात्र बंद करू नकोस.

तुझा, रायभानदादा