दस्त्यावरची पितळी चकती

माइस्टर, तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. मराठी तुम्हाला येत नव्हती, तरी मराठीतच लिहितेय. जर्मनमध्ये लिहायला बसले की मी आपोआप नम्र होते, आणि आज मला नम्र व्हायचं नाही.

कार्ल्सरूहेला शिक्षण संपवून मी कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले, जिथे तुम्ही माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर होतात. पहिल्याच आठवड्यात एक डाय, म्हणजे धातूचा साचा, हातात घेऊन मी ‘बरोबर आहे’ म्हणाले, कारण सोबतच्या कागदावर तसं लिहिलं होतं. तुम्ही तो माझ्यासमोर पुन्हा मापलात. फरक निघाला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “कागद वाचून होय म्हणणारी माणसं वर ऑफिसात लागतात. इथे धातू वाचायचा.” मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर माझ्या बाकावर अर्धा ब्रेत्झेल, तो खारा वळणदार पाव, ठेवलेला होता आणि तुम्ही पाठमोरे कामाला लागला होता. मी तेव्हाच तुमची झाले बहुधा. आमच्याकडे गुरू असाच असतो असं लहानपणापासून ऐकलेलं. आधी मारतो, मग खाऊ देतो.

जेवणाच्या सुट्टीत एकदा बोलता बोलता सांगितलं, की माझे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. तुम्ही एवढंच विचारलंत, “कोणती रायफल?” मला माहीत नव्हतं. शनिवारी तुम्ही मला घरी बोलावलंत आणि तळघरात नेलंत. भिंतीला लोखंडी कपाटं, त्यात कुलूपबंद तुमच्या जुन्या लष्करी बंदुका. तुम्ही तीन रायफली टेबलावर मांडता आणि म्हणता, एक खोटी आहे, शोध. मी नंबर बघते. नळीवर, बोल्टवर, मागच्या माशीवर, तिन्हींवर सगळीकडे जुळतात. तुम्ही हसता. “नंबर जुळतात का हे गिऱ्हाईक विचारतं. आपण विचारायचं, कधी जुळले?” मग भिंगाखाली दाखवता: जुना आकडा ठोकला तेव्हा कडेला धातू उचलला गेला, तो उंचवटा वर्षानुवर्षं हाताळून बोथट झाला, खाचेच्या तळाशीही जुनी निळसर काळी झाक आहे. नव्या आकड्याचा तळ चकचकतो, किंवा ते लपवायला त्यात काळं भरलेलं असतं. लाकूड घासून नवं केलं की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या की समजायचं, इथे कुणीतरी आत शिरलं होतं.

किती शनिवार गेले त्यात. संग्राहकांच्या बाजाराला आपण तुमच्या गाडीतून जायचो. एका म्हाताऱ्यानं नुकतंच घेतलेलं पिस्तूल तुम्हाला कौतुकानं दाखवलं, आणि तुम्ही विकणाऱ्याच्या समोरच म्हणालात, “जुना नंबर घासून टाकलाय, हा नवा ठोकलाय. परत द्या.” विक्रेता लाल झाला. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र एवढासा झाला होता. मला त्याची कीव आली नाही. मी तुमच्या शेजारी ताठ उभी होते.

मग तुमच्या शिफारशीनं मलाही संग्राहकाचं शस्त्र-कार्ड मिळालं, वाफेनबेझिट्सकार्टे, म्हणजे बंदूक बाळगायचा परवाना. नेमके त्याच महिन्यात बाबा साताऱ्याहून आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच फेरी. तुम्ही आम्हा दोघांनाही घरी बोलावलंत. तुमच्या बायकोनं आलुबुखारचा केक केला होता. केक झाल्यावर तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं कापड पसरलंत आणि त्यावर एक रायफल ठेवलीत. तिच्या दस्त्यात पितळेची चकती होती आणि चकतीवर आजोबांच्या पलटणीची अक्षरं.

“ही तुझी,” तुम्ही म्हणालात. “त्याच पलटणीत होती, इटलीत.”

“काय म्हणतात ते?” बाबांनी विचारलं. मी सांगितलं. बाबा उठले, सिंकपाशी जाऊन हात धुतले, पंच्यासारखा रुमाल काढून कोरडे केले आणि मग चकतीवर बोट ठेवलं. माझा बाप आईच्या दहाव्यालाही रडला नव्हता. तो तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून रडला.

मी भिंग बाहेर काढलं नाही. गुरूनं दिलेल्या वस्तूला कोण भिंग लावतं?

निघायच्या आधी बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून आजोबांचं पदक काढलं. बंद घरात ठेवायची भीती, म्हणून ते अंगावर घेऊन आले होते. “बाबा, अहो थांबा ना जरा,” मी म्हणाले. “माणसानं एवढं दिलं,” बाबा म्हणाले, “आणि आपण रिकाम्या हातानं उठायचं?” तुम्ही ते पदक खिडकीशी नेलंत, कडेवर कोरलेला आजोबांचा नंबर आणि नाव सावकाश वाचलंत आणि म्हणालात, “एश्ट.” अस्सल. त्या दुपारी तुमच्या तोंडून निघालेला तेवढाच एक अस्सल शब्द.

तुम्ही गेल्यावर तुमच्या बायकोनं मला तळघर आवरायला बोलावलं. बाकाच्या खालच्या खणात सिगारच्या डब्यात अक्षरं ठोकायचे पंच होते आणि पितळेच्या सहा चकत्या. सहाही चकत्यांवर तीच पलटण. एकीवर अक्षर तिरकं, एकीवर दोनदा ठोकलेलं. सहा वेळा चुकलात, माइस्टर, आणि सातवी माझ्या दस्त्यात बसवलीत.

“तुझ्या रायफलीसाठीच्या चकत्या त्या,” तुमची बायको सहज म्हणाली. “आठवडाभर खपत होता. मुलीला आनंद होईल म्हणाला.”

“आणि पदक?”

“कुठलं? अच्छा, ते. ते त्यानं लगेचच बाजारात देऊन टाकलं, एका संगिनीच्या बदल्यात. तुला सांगितलं नव्हतं त्यानं?”

कुणाशी बदललं हे तिला माहीत नव्हतं. मी घरी येऊन रायफल उघडली. बोल्ट दुसऱ्याच बंदुकीचा, जुना आकडा घासलेला, नवा तळाशी चकचकीत. तुम्ही काळं भरायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. बाजारातल्या अनोळखी म्हाताऱ्याला तुम्ही खरं सांगितलंत, आणि मला फसवायला मात्र कच्चं कामही चालेल असं धरून चाललात. आनंद द्यायचा होता, असेल. मग पदक का घेतलंत? “नको, राहू दे” म्हणायला तुम्हाला कुठलं हत्यार लागलं असतं?

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. घरात आजोबांच्या फोटोशेजारी त्यांनी रायफलीसोबतचा स्वतःचा फोटो लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगतात. दर रविवारी फोनवर विचारतात, “तेल देतेस ना गं तिला?” मी म्हणते, देते. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा म्हणाले, “त्यांच्या मिसेसना सांग, पदक जपून ठेवा म्हणावं. चांगल्या माणसाकडे आहे, मला काळजी नाही.” मी म्हणाले, सांगते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या बायकोला वाचून दाखवायची माझी इच्छा नाही. फाडून टाकीन किंवा राहील इथेच. पण टाकायच्या आधी एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर इतका वेळ जे लिहिलं ते सगळंही घासून नवं केल्यासारखं होईल. त्या दुपारी बाबांनी बोट उचललं, तेव्हा चकतीवरच्या अक्षरांच्या कडा मला नुसत्या डोळ्यांनी दिसल्या होत्या. धारदार होत्या. मला कळलं होतं. बाबा पदक काढायला खिशात हात घालत होते, आणि मी नुसतं “थांबा ना जरा” एवढंच म्हणाले.