तीन बोटं

१४ डिसेंबर
हदगावहून निघाले, नांदेडला गाडी बदलली आणि शिरूर अनंतपाळला उतरले तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती. पण पहिली नोकरी! धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना, त्यात मी नेत्रसहाय्यक. डॉ. राजशेखर स्वतः दारात आले, म्हणाले, आलीस विशाखा, आता इथलीच हो. मोतीबिंदू फुकट काढतात, वर दोन वेळचं जेवण. वॉर्डातल्या भामाबाईंनी मला बघताच, लई वाळलीस गं, म्हणत कढी वाढली.

आबांना इथंच आणायचं, हे मी जेवता जेवताच ठरवलं. त्यांचा एक डोळा लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीचा फाटा लागून गेला. उरलेल्या एका डोळ्यावर शेत केलं, मला शिकवलं, आता त्यातही मोतीबिंदू उतरलाय. फोनवर हसले. म्हणाले, लेकीच्या दवाखान्यात म्हंजी म्या पाव्हणाच की.

१७ डिसेंबर
ऑपरेशन झालेले लोक सकाळी व्हरांड्यात ओळीनं बसतात. प्रत्येकाच्या डोळ्यावर हिरवं कापड. डॉक्टर कापड उचलतात, तीन बोटं धरतात, किती म्हणून विचारतात. माणूस तीन म्हणाला की मला सांगतात, लिही, दिसतंय. मी कार्डावर लिहिते आणि त्याला सुट्टी मिळते. सगळ्यांना येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आत घर गाठायचंय. शेतात पूजा, भज्जी, आंबील. बायका डॉक्टरांच्या पाया पडतात. मला तर भरूनच आलं.

१९ डिसेंबर
आज एक गंमत झाली. डॉक्टरांनी हात वर करायच्या आधीच एक आजी म्हणाली, तीन. मी फिदीफिदी हसले. भामाबाईंना सांगितलं, त्या हसल्या नाहीत.

२१ डिसेंबर
डॉक्टर लातूरला गेले होते, म्हणून तपासणी मी केली. त्या आजीची गंमत आठवून उगाच दोन बोटं धरली. तीन, ओळीतले पहिले आजोबा म्हणाले. मूठ धरली. तीन. सगळी ओळ तीन. एका कापडाखालून पू येत होता.

मग कपाट उघडलं. डोळे धुवायच्या सलाईनच्या बाटल्यांची मुदत कधीच संपलेली. संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, धर्माची गाय अन् दात का नाय? ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला त्यांच्या हसण्याचीच भीती वाटली.

२२ डिसेंबर
उदगीरचे किराणा दुकानदार मन्मथअप्पा आज स्पष्ट बोलले, मला दिसून नाही राहिलं. डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवला आणि त्यांना पुन्हा आत नेलं. ऑपरेशन डाव्या डोळ्याचं होतं. बाहेर आणलं तेव्हा दोन्ही डोळ्यांवर कापड होतं. दुसऱ्यातही मोतीबिंदूची सुरुवात होती म्हणे.

२३ डिसेंबर
मन्मथअप्पा सकाळपासून तीन, तीन म्हणतायत. कोणी विचारलेलं नाही.

भामाबाईंनी अखेर सांगितलं. येईल त्याला त्याच शिकवतात, काई दिसो नाई तर ना दिसो, तीन म्हना अन् घरी जा. नाई म्हनलं की पुन्हा आत. म्या दुसरं काय करू बाई, म्हणून रडल्या.

तालुक्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांना फोन लावला. डॉक्टरांचं नाव ऐकून ते म्हणाले, देवमाणूस आहे, नसते आळ घेऊ नका.

२५ डिसेंबर
आबांना फोन केला, येऊ नका. ते निघालेसुद्धा. डॉक्टरांनी जीप पाठवली, आपल्या पोरीचे वडील म्हणून. आबांचा आवाज इतका आनंदी होता.

२६ डिसेंबर
आबांना फाटकातच अडवलं. सगळं सांगितलं. आबा चिडले – एवढा मोठा मानूस आपल्यासाठी गाडी धाडतो, खाल्ल्या मिठाला जाग म्हणाले. मग मीच डॉक्टरांचे पाय धरले, आबांचं ऑपरेशन नको. ते म्हणाले, बरं, थांबू, घाबरू नकोस. मला कंधारच्या शिबिराला जायचंय. जायलाच हवं, डॉक्टर म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. जीप दारात –

२८ डिसेंबर
कंधारहून आले.
आबांच्या डोळ्यावर हिरवं कापड.
भामाबाई माझ्याकडं बघत नाहीत. आबांना झोपेचं औषध दिलंय. मी पायाशी बसलेय. दुसरा डोळा नाही त्यांना. दुसरा नाहीच –

२९ डिसेंबर
डॉक्टर म्हणाले, आज बोटं तू धर.
कापड त्यांनी उचललं. डोळा – लिहवत नाही.
मी आबांच्या पुढ्यात उभी. किती, डॉक्टरांनीच विचारलं. मी मूठ धरली होती.
आबा म्हणाले, तीन. लई झ्याक दिसतंय.
डॉक्टर म्हणाले, लिही.
आत न्यायला माणसं उभीच होती. मी लिहिलं. दिसतंय, असं लिहिलं.
मग आबांनी मान भिंतीकडं वळवली आणि हळूच विचारलं, माझी विशाखा आली न्हाई का अजून, तिला बोलवा की.
मी तर त्यांच्या समोरच –