शिवणाच्या खणातले रिपोर्ट

अहो,

तुम्ही उठायच्या आत निघालेय. पुन्हा रक्त तपासायला द्यायचंय, उपाशीपोटी. एवढं लिहीपर्यंत दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

आपले रिपोर्ट कालच आले. मी ते शिवणाच्या मशिनच्या खणात दडवले, चिडू नका. तुमची रक्तातली चरबी जरा वर आहे; वजन उतरलं की तीही उतरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वाईट कोलेस्टेरॉल माझं निघालं, तुमच्या दुप्पट. नावांची अदलाबदल झालीय म्हणून मी तिथे भांडलेसुद्धा. तेव्हा बाईंनी विचारलं, वडील कशाने गेले? माझे बाबा माझ्याइतकेच काडीसारखे होते, आणि चाळिशीतच हृदय बंद पडून भरल्या ताटावर कोसळले. हे अंगकाठीवर नाही, बापाकडून लेकराच्या रक्तात उतरतं, म्हणाल्या.

वर्षभर दर रविवारी तुमच्या पोटाला टेप लावून मी टोमणे मारले. बिस्किटांच्या डब्याला कुलूप घातलं. किल्ली सुयांच्या डबीत आहे. दोनच खा, लगेच डबा फस्त करू नका.

लेकीला वेळेवर शाळेत धाडा, तिच्यापाशी यातलं काही बोलू नका. पोर अंगाने माझ्यावर गेली म्हणून मी गावभर मिरवत होते. आज तिच्याही रक्ताचं विचारून येते.