गुरुवार नाही, आजच आहे

ए झोपाळू,

आधी रागावून घे, मग पुढचं वाच. दवाखान्यात गुरुवारी जायचंय असं सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. गर्भ आजच माझ्या पोटात सोडणार आहेत. आपला शेवटचा, गोठवलेला. मी एकटीच निघालेय.

का, तर मागच्या वेळी गर्भ राहिला नाही तेव्हा तू नळ सोडून बाथरूममध्ये रडलास, ते मला बाहेर ऐकू आलं होतं. आणि एक गोष्ट तुला कधी सांगितलीच नाही. तेव्हा गर्भ सोडल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पाण्याची भरलेली बादली वरच्या मजल्यावर नेली होती. तुझी आई "काही उचलू नकोस गं" म्हणत होती, तरी. सहा महिने मी मनात तेच धरून बसले, की माझ्यामुळेच गेलं.

काल धीर करून डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, बादलीने काही होत नाही. बाईचं वय, गर्भाची प्रत, पिशवीचं आतलं अस्तर, यावर ठरतं. आणि हे सगळं चांगलं असूनही कधी कधी नाही राहत. त्यात तुझी चूक कसली?"

इतकं हलकं वाटलं! पण घरी आले तर तू रात्रपाळीला, आणि सकाळी तू आलास तो थेट पलंगावर. सांगू कुणाला?

साडेअकराला आत नेतील. दुसरा मजला. मला वाटलं होतं एकटीने जमेल, पण नाही जमत. उठलास की ये.