सावळा रंग छापणारी मशीन

चाचा,

परवा लातूरच्या एका दुकानात उभी राहून मी घरगुती फोटो छापायची मशीन निवडत होते आणि सारखं वाटत होतं, तुम्ही शेजारी असायला हवे होतात. मशीन नातीसाठी. ती बारा वर्षांची आहे. तिच्या आईच्या मोबाइलमध्ये फोटोंचा ढीग साचलाय, त्यातले निवडून तिला अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवायचे होते. लेक म्हणाली, "आई, तूच जा. तुला फोटोतलं कळतं." मला काय कळतं, डोंबल! लग्नाआधी चार वर्षं तुमच्या नांदेडच्या स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंमध्ये रंग भरले, एवढंच माझं शिक्षण. पण गेले, आणि जरा ऐटीतच गेले.

दुकानदारानं दोन मशिनी पुढं ठेवल्या. एक पर्समध्ये मावेल एवढी, तिला शाई लागतच नाही, रंग म्हणे कागदातच असतो. दुसरी जेवणाच्या डब्याएवढी, तिच्यात रंगाची फीत. मी म्हटलं, दोन्हींवर एकच फोटो काढून दाखवा. माझ्या जुन्या मोबाइलवर मीच काढलेला नातीचा फोटो होता तो. पोरगी माझ्यावर गेलीय, चांगली सावळी. छोट्या मशिनीनं तिचा चेहरा विटेसारखा लाल काढला. दुसरीतून कागद बाहेर आला तो नुसता पिवळा. आत गेला आणि लाली घेऊन आला. पुन्हा गेला, निळा घेऊन आला, आणि बघता बघता चेहरा उभा राहिला. तुम्हीही असेच एकावर एक हात द्यायचात, काडीला कापूस गुंडाळून, पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. "घाई नको करू बेटी, चमडी हाय ती, भिंत न्हाई." शेवटच्या फेरीला वर चकाकी चढली आणि हातात आला तो पोरीचा अस्सल रंग, कपाळावर उजळ, हनुवटीखाली गडद. दुकानदार म्हणाला, "मावशी, छोटी लई खपायलीय, समदे तीच नेतात." म्हटलं, नेऊ देत, मला हीच द्या. या रंगापायी तुम्हाला एकदा माझ्यामुळं मान खाली घालावी लागली होती, ते मी विसरले नव्हते.

लोहा गावाकडची ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. स्थळाला पाठवायचा फोटो होता. तुम्ही तो काढलात आणि पुढचं काम माझ्यावर सोपवलंत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापताना तेवढी जागा उजळते, हे तुम्हीच शिकवलेलं, देवीचे व्रण झाकण्यापुरतं. मी तिचा अख्खा चेहरा उजळला आणि वर गुलाबी हात दिला. कुणी सांगितलं नव्हतं. पोरीचं भलं होईल असं मला मनापासून वाटलं. माझंही लग्न तेव्हा रंगावरच अडलं होतं. महिन्याभरानं तिचा बाप तिला घेऊन स्टुडिओत येतो. "फोटोतली पोरगी दाखवा म्हणले वो पाव्हणे! ही न्हाई म्हणले! अर्धा च्या टाकून उठले!" मी पडद्याआड उभी आहे आणि तुम्ही हात जोडून म्हणताय, "गलती माझी हाय पाटील. हात माझा फिरला." मुलगी बाहेर बाकावर बसलेली. मी पाणी घेऊन गेले तर तिनं हळूच विचारलं, "ताई, फोटोतल्यावानी दिसाया काय लावू?" मी पेला तिच्या हातात दिला आणि आत निघून आले. संध्याकाळी तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "रंग भरायचा बेटी, चेहरा बदलायचा न्हाई. आता त्या लेकरानं आरशात कुणाला बघावं?"

पुढं माझं लग्न जमलं तेव्हा तुम्ही माझा फोटो रंगवून दिलात. माझ्या रंगाची जुळणी करायला तुम्हाला तीन दिवस लागले. तपकिरीत जरा पिवळा घालायचात, खिडकीत नेऊन बघायचात, पुसायचात. "तुझा रंग बनवता बनवता पसीना निघाला," म्हणालात, आणि फ्रेम हातात देऊन सांगितलंत, "सासरी समोरच्या भिंतीवर लाव."

तर, घरी मशीन लावली. नातीनं आईच्या मोबाइलमधला एक फोटो निवडला आणि निघाला तो पांढराफटक. मला वाटलं, मशीन बिघडली. मशीन कशाची बिघडतेय! मोबाइलच आधी पोरीला गोरं करून ठेवतो, आणि मशीन बिचारी मिळालं ते इमानानं छापते. दुकानातला फोटो मी पर्समध्ये जपून आणला होता. तो तिच्या हातात दिला, म्हटलं, बघ किती गोड आलीयस. तिनं बघितला, खाली ठेवला आणि म्हणाली, "ही मी नाहीये, आजी." मी बोलू लागले, रंगात काय असतं बाळा, गुण बघावेत. बोलता बोलता मलाच ते बेचव लागलं. तेवढ्यात तिनं विचारलं, "तू पण माझ्यासारखीच होतीस ना? तुझा लग्नातला फोटो दाखव ना."

तुम्ही रंगवलेला तो फोटो पलीकडच्या खोलीत ट्रंकेत आहे. दहा पावलं सुद्धा नाहीत. तिला तोच हवा होता, आणि तो दाखवायला जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी उठले नाही, चाचा. मी म्हणाले, "नव्हता गं काढला तेव्हा." तिनं मान हलवली आणि पांढरे फोटो ओळीनं भिंतीवर चिकटवत गेली. मी तिला चिकटपट्टीचे तुकडे कापून देत बसले.

हे पत्र मी ट्रंकेतच ठेवणार, तुम्ही गेल्यावर दुसरीकडं कुठं पाठवू? तुम्ही एकदा लातूरला माझ्या घरी आला होतात. बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवर नजर फिरवलीत आणि फोटो कुठाय म्हणून विचारलंत. मी म्हटलं, काच फुटली. तुम्ही लगेच म्हणालात, "आण इकडं, दुसरी बसवून देतो." मी चहा करायला म्हणून उठून आत गेले.

काच फुटली नव्हती, चाचा.